न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

उत्तर कोलकात्यात, बागबाजारच्या बाजूला, मराठा डिच लेन नावाची एक गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा, म्हणजे १७४२ मध्ये, शहराच्या रक्षणासाठी जो खंदक खणावयास घेतला गेला त्याची ही उरलेली खूण. खंदक पुढे बुजला, त्याच्या बऱ्याच भागावरून सर्क्युलर रोड गेला. परंतु मुलांना निजविताना बर्गी आल्याची भीती घालणारे गाणे बंगाली घरांतून अद्याप लोपलेले नाही. येथे नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्या मराठी गृहिणीला ते शेजारणीकडून केव्हातरी ऐकावे लागतेच, आणि बर्गी म्हणजे आपणच हे कळल्यावर ती थोडी ओशाळतेही. मराठी माणसाचा या प्रांताशी झालेला तो परिचय काही फारसा अभिमानाने सांगावा असा नव्हे.

त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी मराठ्यांच्या इतिहासाचा एक थोर अभ्यासक सरकारी कामासाठी या शहरी येऊन राहिला आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी बंगाली मुळाक्षरे गिरवू लागला. ते न्यायमूर्ती रानडे. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे चरित्र यावे असे ठरले, त्यामागे त्यांच्या मोठेपणाइतकेच कलकत्त्यातील त्यांच्या या वास्तव्याचेही कारण आहे. पुण्यामुंबईचे रानडे सर्वांना ठाऊक आहेत. आम्हां कोलकातावासी मराठी मंडळींना मात्र त्यांच्यावर थोडा वेगळा हक्क सांगता येतो.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेले आणि मुलाचे बालपण तेथेच गेले. बोलण्यात मंद, चेहऱ्याने सुस्त, असा हा मुलगा घरच्यांच्या फारशा आशेचा विषय नव्हता असे म्हणतात. त्याच्या लहानपणच्या बर्फीच्या आणि आंब्याच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकलेल्या आहेत, तेव्हा त्या येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. चौदा-पंधरा वर्षांचे असताना ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या प्रत्येक पहिल्या पायरीवर रानड्यांचे पाऊल पडत गेले. १८५९ च्या पहिल्या प्रवेश परीक्षेत ते होते. १८६२ मध्ये जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले त्यांत भांडारकर, मोडक व वागळे यांच्या जोडीला रानडे होते. १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये एल्‌एल. बी. ही त्यांची पुढची मजल. वाचनाचा हव्यास असा की त्यात डोळे कायमचे अधू झाले. याच काळात त्यांनी एका निबंधात मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून पूर्वीच्या राज्याची बाजू घेतली, तेव्हा प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. ग्रँटसाहेबांबद्दलचा त्यांचा आदर या शिक्षेने तिळमात्र कमी झाला नाही. आणि मराठी राज्याबद्दलचे मतही त्यांनी सोडले नाही. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेला मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ पाहिला म्हणजे त्या निबंधाचा धागा चाळीस वर्षे कसा टिकला ते दिसते.

शिक्षण संपल्यावर सरकारी भाषांतरकार, अक्कलकोटचे कारभारी, कोल्हापूरचे न्यायाधीश, एल्फिन्स्टन कॉलेजातील अध्यापक अशी कामे करीत ते १८७१ च्या अखेरीस पुण्यास पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. तेथून पुढची वीस-बावीस वर्षे म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहासच होय. गणेश वासुदेव जोशी यांनी आदल्याच वर्षी काढलेल्या सार्वजनिक सभेला रानडे मिळाले. सभेचे अर्ज-विनंत्या त्यांच्या लेखणीतून उतरू लागले, आणि १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली. वसंत व्याख्यानमाला, त्रैमासिक, मुलींची शाळा अशी कितीतरी कामे त्यांच्या घरच्या दिवाणखान्यात जन्मली. १८७८ च्या मे महिन्यात लोकहितवादींच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात मराठी ग्रंथकारांचे संमेलन भरविले. आज ज्या साहित्य संमेलनाची वार्ता आपण येथे बसून उत्सुकतेने वाचतो त्याचे मूळ तेच.

हे सर्व सरकारी न्यायाधीशाने करावे ही गोष्ट सरकारला रुचण्यासारखी नव्हती. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले, त्याच मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा या दोन्ही वाड्यांना आग लागली आणि सत्ताधाऱ्यांच्या मनातील संशय रानड्यांपर्यंत येऊन पोहोचला. त्यांना तडकाफडकी धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. बंडवाल्यांच्या नावाने लिहिलेली खोटी पत्रेही येत, आणि माधवराव ती जशीच्या तशी पोलिसांकडे पाठवून देत. पुढे संशय फिटला. सुटीचा बहाणा, राजीनाम्याची धमकी, वृत्तपत्रातील कैफियत यांपैकी काहीही त्यांनी केले नाही. ही सहनशीलता की मिंधेपण, असा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. आमच्या मते त्याचे उत्तर त्यांच्या न्यायदानाच्या कामातच शोधावे लागते.

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली व कर्जरोखे जाळले. हे लोण आसपासच्या जिल्ह्यांत पसरले. त्याची चौकशी होऊन १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला. या कायद्याने न्यायाधीशाच्या हाती एक विलक्षण अधिकार दिला. एरवी सावकाराने अंगठा उठविलेला रोखा पुढे ठेवला की न्यायालयास तो खरा मानून हुकूमनामा द्यावा लागे. आता न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जावयाचे, व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब तपासावयाचा, मुद्दल किती आणि व्याजावर व्याज चढवून फुगविलेली रक्कम किती हे वेगळे काढावयाचे आणि देणे हप्त्यांनी फेडण्याची मुभा द्यावयाची. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. गावोगावी समेट घडवून आणणारे पंच व ग्राम-मुनसफ नेमले गेले. रानडे प्रथम या कायद्याखालील खास न्यायाधीशांचे साहाय्यक होते आणि १८८७ पासून स्वतः खास न्यायाधीश झाले. वर्षातील कित्येक महिने फिरतीवर काढून खालच्या न्यायालयांचे दप्तर तपासणे हे त्यांचे मुख्य काम. अधू डोळ्यांच्या माणसाने चार जिल्ह्यांतील कुणब्यांचे हिशेब मुळापासून वाचावेत, हे ज्याने कधी मोडीतील जुने बाड उलगडून पाहिले असेल त्यालाच पुरते कळेल. रानड्यांच्या दृष्टीने सरकारी खुर्ची ही कुणब्याच्या उपयोगी पडणारी जागा होती. ती सोडून देणे सोपे होते, पण मग ते दप्तर कोणी वाचले असते?

आता कलकत्त्याकडे वळू. रुपयाचा घसरता भाव, वायव्य सरहद्दीवर रशियाच्या भीतीने चाललेली तयारी आणि १८८५ चे ब्रह्मदेशाचे युद्ध यांमुळे हिंदुस्थान सरकारची तिजोरी ओढग्रस्त झाली होती. खर्चात काटकसर सुचविण्यासाठी १८८६ मध्ये सर चार्ल्स इलियट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि मुंबई सरकारच्या वतीने तीवर रानड्यांची नेमणूक झाली. ज्याची पत्रे सात वर्षांपूर्वी फोडली जात होती त्यालाच आता सरकारचे जमाखर्च उघडून दाखविण्यात आले. समितीच्या कामासाठी ते सिमल्यास व कलकत्त्यास राहिले. कलकत्ता तेव्हा साऱ्या हिंदुस्थानची राजधानी होती. बरोबर रमाबाई होत्या. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि कलकत्त्याचा पुढील प्रसंग आपल्याला कळतो तो त्यातूनच.

बिऱ्हाडी बंगाली वृत्तपत्र विकणारा आला. आपल्याला ही भाषा येत नाही म्हणून रमाबाईंनी त्याला परत पाठविले. माधवरावांना ते आवडले नाही. ज्या गावी राहतो तेथील वृत्तपत्र वाचता येऊ नये याची त्यांना लाज वाटली. त्यांनी बंगाली शिकण्याची प्राथमिक पुस्तके आणविली आणि स्वतःच अभ्यास सुरू केला. एके सकाळी आतून बोलण्याचा आवाज ऐकून कोणी भेटावयास आले असेल असे रमाबाईंना वाटले. पाहतात तो न्हावी हजामत करीत आहे, माधवरावांच्या हाती बंगाली पुस्तक आहे, ते मोठ्याने वाचीत आहेत आणि अडेल त्या शब्दाचा उच्चार व अर्थ न्हाव्याला विचारीत आहेत. रमाबाईंना हसू आवरेना. दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले, त्यांत हा आणखी एक, अशा अर्थाची थट्टा त्यांनी केली. पुढे माधवरावांनी रमाबाईंनाही बंगाली शिकविले आणि त्या ते वृत्तपत्र वाचू लागल्या.

आपल्यांपैकी अनेकांच्या घरी आज नातवंडे बंगाली मातृभाषेसारखी बोलतात आणि आजीआजोबा चाळीस वर्षांनंतरही बाजारात हातवारे करून मासे घेतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. परंतु काही महिन्यांच्या मुक्कामासाठी आलेल्या, दिवसभर समितीच्या आकड्यांत बुडालेल्या माणसाने हजामतीची वेळही वाया घालविली नाही, ही गोष्ट त्यांनी एकवार मनात आणावी.

बंगालचे ऋण मात्र रानड्यांवर याआधीच होते. १८६४ मध्ये केशवचंद्र सेन मुंबईस आले, त्या प्रेरणेतून १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला आणि रानडे त्याचे आधारस्तंभ झाले. पण ब्राह्म समाजाप्रमाणे हिंदू समाजापासून वेगळे होण्यास ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. तुकोबा-एकनाथांच्या अभंगांवरच त्यांची उपासना चाले. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाला होता. त्यांचे त्या विषयावरील पुस्तक विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणले आणि पुनर्विवाहाच्या चळवळीत विष्णुशास्त्र्यांच्या शेजारी रानडे उभे राहिले. १८६९ मध्ये मुंबईत झालेल्या पुनर्विवाहाबद्दल ज्यांच्यावर बहिष्कार पडला त्यांत तेही होते. देवघेव उलट दिशेनेही चालू होती. महर्षी देवेंद्रनाथांचे चिरंजीव सत्येंद्रनाथ ठाकूर हे सनदी नोकरीतील पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली, ते निवृत्त झाले ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून, आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले.

येथवर सर्व गौरवाचे झाले. पण रानड्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ऑक्टोबर १८७३ मध्ये त्यांच्या प्रथम पत्नी सखूबाई वारल्या. विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता आता स्वतः विधवेशी विवाह करील, अशी साऱ्यांची अपेक्षा होती आणि वडिलांना नेमकी तीच भीती होती. गोविंदरावांनी घाईने देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी ठरविली. माधवरावांनी विरोध केला, विनवण्या केल्या, मुदत मागितली. अखेर वडिलांच्या हट्टापुढे मान तुकविली. डिसेंबरात लग्न झाले. वर एकतिसाव्या वर्षी, वधू अकराव्या. सुधारकांना तोंड लपवावे लागले आणि विरोधकांना आयते हत्यार मिळाले. याचे समर्थन करण्याचा प्रयत्न अनेक चरित्रकारांनी केला आहे. आम्हांला तो पटत नाही. ज्याने न्यायासनावरून इतरांच्या पितृआज्ञांची व करारांची छाननी केली त्याने स्वतःच्या बाबतीत कच खाल्ली, हे मान्य केले पाहिजे. लग्नानंतर त्यांनी अक्षरशत्रू असलेल्या या मुलीला घरातील बायकांचा रोष पत्करून शिकविले. तीच मुलगी पुढे पुण्याच्या सेवासदनाची अध्यक्षा झाली आणि तिनेच मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले. यामुळे आपल्याला समाधान वाटते. ज्या विधवेशी विवाह व्हावयाचा राहिला तिच्या पदरात मात्र यातून काहीच पडत नाही.

त्या प्रसंगाचे ओझे त्यांनी जन्मभर वाहिले असे आम्हांला वाटते. १८९० मध्ये याच शहरात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या जबरदस्तीने मरण पावली. साऱ्या देशात खळबळ उडाली आणि संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारे विधेयक आले. कलकत्त्यात त्याविरुद्ध मैदानावर प्रचंड सभा झाली. येथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद हंगामी का होईना प्रथम भूषविणारे हिंदी न्यायमूर्ती सर रमेशचंद्र मित्र यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात त्यास विरोध केला. भवानीपुरातील रमेश मित्र रोडवरून आपण नित्य जातो, ते हेच. पुण्यात टिळकांचा विरोध होता. रानडे, भांडारकर व तेलंग विधेयकाच्या बाजूने उभे राहिले आणि १८९१ मध्ये कायदा झाला. दोन मोठे न्यायमूर्ती, दोघेही धर्मशास्त्राचे जाणकार, आणि एका मुलीच्या मृत्यूवर दोघांचा निर्णय भिन्न. रानड्यांचा निर्णय योग्य होता, हे सांगण्यास आज कोणाची साक्ष नको.

पण तेच रानडे १८९२ मध्ये पुन्हा वाकले. पुण्याच्या पंचहौद मिशनात दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १८९० मध्ये, घेतलेल्या चहाचे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले होते. स्वतःला बहिष्काराची पर्वा नसताना, मित्राच्या घरची अडचण दूर व्हावी म्हणून त्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनी त्यांना सोलून काढले. सर्वांना बरोबर घेऊन जाण्याच्या वृत्तीची ही किंमत होती, आणि ती त्यांनी वारंवार मोजली. १८९५ च्या पुण्याच्या काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरू नये असा गहजब झाला, तेव्हा त्यांनी मंडपाचा हक्क सोडून दिला व परिषद वेगळी भरविली. सार्वजनिक सभा हातून गेली, तेव्हा न भांडता त्यांनी डेक्कन सभा काढली.

१ सप्टेंबर १८९३ रोजी न्यायमूर्ती तेलंग अकाली वारले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागी त्याच वर्षअखेरीस मुंबई उच्च न्यायालयात रानड्यांची नेमणूक झाली. वय एकावन्न. संशयाच्या सावलीत बावीस वर्षे खालच्या न्यायालयांत काढून मिळालेली ही जागा. पुण्याने त्यांना निरोप दिला तो सणासारखा. उच्च न्यायालयातील त्यांच्या सात वर्षांबद्दल सामान्य वाचकाला रस वाटावा असे थोडेच आहे. हिंदू धर्मशास्त्र, वतने, जमिनीचे हक्क यांवरील त्यांचे निकाल कायद्याच्या ग्रंथांत आहेत. मूळ संस्कृत वचन, स्थानिक रूढी व व्यवहाराचा इतिहास या तिन्हींचा शोध घेऊन मग निर्णय देण्याची त्यांची पद्धत तेथेही दिसते. कुणब्याच्या रोख्याला जी दृष्टी लावली तीच शास्त्रवचनाला.

१९०० च्या अखेरीस प्रकृती ढासळली. लाहोरच्या सामाजिक परिषदेस जाण्याची तयारी झाली असूनही जाता आले नाही. परिषदेच्या १८८७ मधील स्थापनेपासून तिचा भार वाहणाऱ्या या माणसाला ते फार लागले. १६ जानेवारी १९०१ च्या रात्री मुंबईस त्यांचे निधन झाले. टिळकांनी सारे मतभेद बाजूला ठेवून केसरीत त्यांच्यावर लिहिलेला लेख मराठी वाचक अजून विसरलेला नाही. उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी त्यांना आदरांजली वाहिली. हे जेंकिन्स मुंबईस जाण्यापूर्वी कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात होते आणि १९०९ मध्ये येथेच मुख्य न्यायमूर्ती होऊन परत आले.

रानडे गेले त्याच वर्षी त्यांचे चरित्र बंगालीत निघाले. ते लिहिणारे सखाराम गणेश देऊस्कर हे देवघरला स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. पुढे देशेर कथा या पुस्तकाने त्यांनी बंगालला हलवून सोडले व सरकारने ते जप्त केले, ही गोष्ट आपल्यांपैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल.

आणि १९०२ च्या जानेवारीत गोखले कलकत्त्यास होते. दक्षिण आफ्रिकेहून आलेले बॅरिस्टर गांधी त्यांच्याकडे महिनाभर उतरले होते. गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे की गोखल्यांच्या बोलण्यात पदोपदी रानड्यांचे नाव येई. त्यांचा स्मृतिदिन गोखले नेमाने पाळीत. त्या वर्षी गांधीजी, प्राध्यापक काथवटे व एक दुय्यम न्यायाधीश एवढ्या तिघांना समोर बसवून गोखल्यांनी आपल्या गुरूच्या आठवणी सांगितल्या. तेलंग, मंडलिक व रानडे यांची तुलना केली आणि न्यायाधीश असूनही रानडे काँग्रेसला निर्भयपणे येत, याचा आवर्जून उल्लेख केला.